बीजनलिकेची अदृश्य भिंत

देवणी आणि लाल कंधारी हे आपल्या लातूर-नांदेडच्या मातीतील गोवंश. गाय गाभण राहिली नाही, तर येथील शेतकरी वळू बदलून पाहतो. घरात मूल झाले नाही, तर मात्र दोष सुनेच्याच पदरात टाकला जातो. या विसंगतीचे मूळ इतिहासात आहे. तिचे उत्तर विज्ञान देते.

वृषणात अतिशय बारीक अशा असंख्य नलिका असतात. त्यांत शुक्रपेशी तयार होतात. प्रत्येक नलिकेभोवती सूक्ष्म असे आधारपटल असते. आतील पेशींना ते आधार देते आणि रक्तातील पोषण त्यातूनच आत जाते.

हे पटल वेगळे कसे काढतात? प्रथम ऊतीचे बारीक तुकडे करून नलिका सुट्या करतात व स्वच्छ धुतात. नंतर साबणासारखे कार्य करणाऱ्या डीऑक्सिकोलेट या द्रव्याने पेशी विरघळवतात आणि विकराच्या साहाय्याने डीएनए पचवतात. आधारपटल विरघळत नाही. तेच मागे उरते. अनेक ऊतींना लागू पडणारी ही पद्धत १९७५ मध्ये मीझान व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. त्यापूर्वी ध्वनिलहरींनी ऊती फोडून पटल वेगळे करीत.

पुढे रासायनिक परीक्षा होते. पटल हायड्रोक्लोरिक आम्लात ११० अंश सेल्सिअसला सुमारे २४ तास ठेवले, की प्रथिनांची अमिनो आम्ले सुटी होतात. त्यांत हायड्रॉक्सिप्रोलीन व हायड्रॉक्सिलायसीन आढळले, की कोलॅजेनची खूण पटते. १९९७ मध्ये अमेरिकेतील हडसन यांच्या गटाने गोवंशाच्या बीजनलिकांचे पटल तपासले. चौथ्या प्रकारच्या कोलॅजेनच्या सहाही साखळ्या त्यात सापडल्या. तिसऱ्या साखळीचा वाटा ४० टक्के होता. अन्य कोणत्याही आधारपटलात तो एवढा आढळला नव्हता.

याचा आपल्या घराशी संबंध काय? अपत्यहीन पुरुषांपैकी काहींच्या वृषणात ही नलिकाभिंत जाड झालेली आढळते. अशा वेळी पत्नी पूर्ण निरोगी असू शकते. तरीही गाव तिला ‘वांझ’ म्हणते, आणि त्या पुरुषासाठी तसा रूढ शब्दही आपल्या बोलीत सहसा ऐकू येत नाही.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना व पालकांना एवढेच सांगणे आहे: तपासणी दोघांचीही करावी, आणि पुरुषाची आधी करावी, ती सोपी असते. वळूच्या बाबतीत जो विवेक आपण दाखवतो, तो सुनेच्या वाट्यालाही यावा.