मुंबई-दुबई : तिकिटावरचा वेळ

व्यापारी बंधूंनो, मुंबई ते दुबई हवाई अंतर सुमारे १,९३० किलोमीटर. तिकिटावर सकाळी १० ला सुटून ११.४५ ला पोहोच दिसते. पावणेदोन तासांत दुबई? छे! दोन्ही वेळा त्या त्या गावच्या. दुबईचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे, म्हणजे प्रवास सव्वातीन तासांचा. परतताना बहुधा वारा पाठीशी असतो, पावणेतीन तास पुरतात. पण हा दीड तास मिळवावा लागतो. पहिल्या खेपेस आम्ही तोच विसरलो. दुपारी ४ ला निघणार, ७ ला उतरणार, या हिशोबाने भिवंडीच्या कारखानदाराला अंधेरीत ८ ची वेळ दिली. विमान सव्वाआठला टेकले. तो बिचारा कापडाचे नमुने घेऊन परत गेला, सौदाही गेला. आता आम्ही तिकिटावरच दोन्ही गावचा वेळ पेन्सिलीने लिहितो.