पदभ्रमंतीची सॅक : आधी पाठ मोजावी, मग पिशवी

जुलै १६६० मध्ये शिवाजी महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटून पन्हाळ्याहून विशाळगडाकडे गेले. त्या वाटेवर दरवर्षी पावसाळ्यात पन्हाळा ते पावनखिंड अशी पदभ्रमंती होते. सुमारे पन्नास किलोमीटरचे हे अंतर बहुधा दोन दिवसांत कापले जाते. बेळगाव-निपाणी परिसरातील शाळकरी मुलेही त्यात उत्साहाने सामील होतात. मुलांनी चालावे, भिजावे, इतिहासाची भूमी पायांखाली घालावी, हे सर्वथा इष्टच आहे. मात्र त्यांच्या पाठीवर काय आणि किती असावे, याचा विचार पालक क्वचितच करतात.

आपण दुकानात जातो आणि किती लिटरची सॅक हवी, हे सांगतो. वास्तविक पहिला प्रश्न पिशवीचा नसून पाठीचा आहे.

पाठीचे माप

मुलाला मान पुढे झुकवण्यास सांगावे. मानेच्या तळाशी जे ठळक हाड हाताला लागते, तो मानेचा सातवा मणका होय. तेथून दोन्ही कटिअस्थींच्या वरच्या कडांना जोडणाऱ्या रेषेपर्यंत कण्यावरून टेप धरावी. सॅकची पाठ या मापाशी जुळली पाहिजे. वाढत्या अंगाचे कपडे घेतो तशी वाढत्या अंगाची सॅक घेऊ नये. लांब सॅकचा कमरपट्टा कटिअस्थीच्या खाली घसरतो आणि सारा भार खांद्यांवर येतो. वाढत्या मुलांसाठी पाठीची लांबी कमी-जास्त करता येणारी सॅक उत्तम.

कमरपट्टा कशासाठी?

खांद्याच्या पट्ट्यांखालून हाताकडे जाणारे मज्जातंतूंचे जाळे म्हणजे ब्रेकियल प्लेक्सस. दीर्घकाळ दाब पडल्यास हाताला मुंग्या, बधिरता, क्वचित दुर्बलताही येते. जड सॅक वाहणाऱ्या सैनिकांत व गिर्यारोहकांत हा विकार आढळल्याने त्यास ‘रकसॅक पाल्सी’ हे नाव पडले. रुंद, गादीदार कमरपट्टा कटिअस्थींवर नीट बसला, की भाराचा मोठा हिस्सा कमरेवर व पायांवर उतरतो आणि खांदे मोकळे राहतात. पट्टा मऊ पोटावर आवळू नये. शाळेच्या दप्तराला असा पट्टा बहुधा नसतो. म्हणून तेच दप्तर दोन दिवसांच्या चालीला नेणे योग्य नव्हे.

ओझ्यामुळे कणा कायमचा वाकडा होतो, ही भीती अनेक पालक बोलून दाखवतात. तसे सिद्ध झालेले नाही. परंतु पाठदुखी, खांदेदुखी, पुढे झुकलेली चाल आणि निसरड्या बांधावर जाणारा तोल, हे धोके खरे आहेत.

वजनाचा हिशेब

मुलांसाठी शरीरवजनाच्या दहा टक्क्यांची मर्यादा सुरक्षित मानावी. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये आणि केंद्राच्या २०२० च्या धोरणाने दप्तरासाठी हेच प्रमाण धरले. कर्नाटक सरकारने २०१९ मध्ये सहावी ते आठवीसाठी तीन ते चार किलोंची मर्यादा घातली. येथे तर चाल दिवसभराची आहे.

३६ किलो वजनाच्या मुलीचे उदाहरण घेऊ. तिची मर्यादा ३.६ किलो. रिकामी सॅक ९०० ग्रॅम, दीड लिटर पाणी दीड किलो, रेनकोट ४०० ग्रॅम, कोरडे कपडे व पंचा ५०० ग्रॅम, खाऊ ३०० ग्रॅम. झाले ३.६ किलो! तिला वडिलांची साठ लिटरची सॅक दिली, तर त्या रिकाम्या सॅकचेच वजन दोन किलोंच्या आसपास भरेल. शिवाय मोठी पिशवी रिकामी राहत नाही. माय-माउली तीत प्रेमाने आणखी काही भरतेच! वीस ते तीस लिटर मुलांना पुरेशी आहे. अंथरूण-पांघरूण व शिधा सामायिक वाहनात जावा किंवा मोठ्यांनी वाहावा.

भरणे व पारखणे

जड वस्तू पाठीलगत, मध्यभागी ठेवाव्यात. मसाई पठारावरील वारा-पावसात बाहेरचे आवरण पुरत नाही. आतील सामान जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधावे. भिजलेले सुती कपडे ओझे वाढवतात. सॅक चढवताना प्रथम कमरपट्टा बांधावा, मग खांद्याचे पट्टे ओढावेत, शेवटी छातीचा पट्टा. हातात वेगळी पिशवी देऊ नये. हात तोल सावरण्यास मोकळे हवेत.

खरेदीपूर्वी दुकानातच तेवढे वजन भरून मुलाला पंधरा-वीस मिनिटे चालवावे, जिना चढ-उतार करवावा. पुढे निदान दोन रविवार सराव करावा. बेळगावकरांना येळ्ळूरचा राजहंसगड आहे, निपाणीकरांना स्तवनिधीचा डोंगर. खांद्यावर लाल वळ, हाताला मुंग्या किंवा पुढे वाकलेली चाल दिसल्यास पट्टे पुन्हा जुळवावेत, ओझे कमी करावे. तरीही मुंग्या राहिल्यास किंवा हातातील ताकद कमी वाटल्यास सॅक लगेच उतरवून डॉक्टरांना दाखवावे.

समव्यवसायी मित्रांना एक विनंती. प्रकृती-दाखला मागण्यास मूल आले, की छाती तपासण्याबरोबर वजनाची नोंद करून ओझ्याची मर्यादा किलोंत लिहून द्यावी. तेवढा एक आकडा पालकांच्या हाती असला, तर सॅकची निवड निम्मी झालीच.