दाढ भरताना हत्याराला लावलेला द्रव

प्रश्न : दाढेत पांढरं सिमेंट भरताना डॉक्टर हत्यार एका द्रवात बुडवत होते. भेसळ तर नाही ना?
– एक वाचक, संगमनेर

उत्तर : भेसळ नाही, निर्धास्त राहा. तुम्ही म्हणता ते पांढरं सिमेंट म्हणजे बहुधा कंपोझिट. ते चिकट असतं. हत्याराबरोबर ओढलं गेलं की खाली पोकळी राहते. म्हणून काही न लावता भरणंच चांगलं, असं म्हणता येत नाही. प्रश्न काय लावलं, किती लावलं याचा आहे. हत्याराला लावायचं मॉडेलिंग रेझिन हे कंपोझिटच्याच कुळातलं. हत्यार पुसून नुसता ओलावा ठेवला तर मजबुती सहसा घटत नाही. स्पिरिट किंवा द्रावक असलेलं बाँडिंग (भराव दाताला चिकटवणारा द्रव) मात्र थरांत अडकलं तर भराव कमकुवत होऊ शकतो, म्हणून ते टाळलेलं बरं. कोणता द्रव होता, हे डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा. कडेला काळी रेघ दिसली किंवा चावताना दुखलं, तर त्यांनाच दाखवा. लोणीचं रूरल डेंटल कॉलेजही तुम्हाला जवळ आहे.