महत्कार्यांचे यशापयश

घर बांधणे हे एका कुटुंबाचे कार्य होय. धरण, पूल, लोहमार्ग अथवा कालवा बांधणे हे सबंध समाजाचे कार्य होय. घराच्या बांधणीत चूक झाली, तर तिचे फळ बहुधा बांधणाऱ्यालाच भोगावे लागते. मोठ्या कार्याची गोष्ट निराळी आहे. तेथे निर्णय एक जण घेतो, बांधकाम दुसरा करतो, पैसा तिसऱ्याचा असतो, आणि चुकीची किंमत चौथ्यालाच मोजावी लागते. या चौथ्या माणसाला कोणी काही विचारलेलेही नसते. मोठ्या कार्यांच्या व्यवस्थापनात नीतीचा प्रश्न येथूनच उत्पन्न होतो.

मोठी कार्ये यशस्वी कशाने होतात आणि फसतात कशाने, हे समजून घेण्यासाठी दोन उदाहरणे पाहू. एक आपल्या शेजारच्या मुसी नदीचे आहे. दुसरे पुण्याच्या मुठा खोऱ्यातील आहे. दोन्ही ठिकाणी प्रश्न पाण्याचाच होता आणि दोन्ही ठिकाणी शिकलेले अभियंते काम करीत होते. तरीही एका ठिकाणची धरणे पिढ्यान्‌पिढ्या उभी राहिली, तर दुसऱ्या ठिकाणचे धरण पहिल्याच पावसाळ्यात फुटले.

मुसीवरील योजना

जामबागेतून दक्षिणेकडे निघून अफझलगंज ओलांडले, की मुसीचे पात्र लागते. उन्हाळ्यातील तिची बारीक धार पाहून, या नदीने एके काळी हजारो माणसे गिळली असतील, असे कोणालाही वाटणार नाही. २८ सप्टेंबर १९०८ रोजी अतिवृष्टीमुळे मुसीला महापूर आला. खोऱ्यातील शेकडो लहानमोठ्या तलावांपैकी दोनशेहून अधिक तलाव फुटले, व त्यांचे पाणी पुरात मिसळले. सुमारे पंधरा हजार माणसे मृत्युमुखी पडली असे मानतात. आज जेथे उस्मानिया रुग्णालय आहे, तेथील एका चिंचेच्या झाडावर चढून सुमारे दीडशे लोकांनी प्राण वाचविले, ही हकिकत शहरात अद्याप सांगितली जाते.

या संकटानंतर निजाम सरकारने १९०९ साली मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना पाचारण केले. ते पुण्याच्या अभियांत्रिकी विद्यालयाचे विद्यार्थी. मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात त्यांनी दीर्घकाळ सेवा केली होती. हैदराबादेस येताच त्यांनी भिंत बांधावयास घेतली नाही. पाऊस किती पडला, पाणी कोणत्या वाटेने आले, कोणते तलाव फुटले, नदीच्या पात्रात किती पाणी मावू शकते, याची आकडेमोड त्यांनी प्रथम केली. त्यावरून त्यांनी असे ठरविले की, पूर शहरात शिरल्यावर त्याला अडविण्यापेक्षा शहराच्या वरच्या बाजूसच दोन जलाशय बांधून त्याला धरून ठेवावे. त्याच वर्षी त्यांनी आपला अहवाल सादर केला आणि ते म्हैसूर संस्थानच्या सेवेत गेले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. योजना आखणारा निघून गेला. १९११ साली मीर महबूब अली खान यांचे निधन होऊन मीर उस्मान अली खान गादीवर आले. तरीही कार्य थांबले नाही. मुसीवरील उस्मानसागर १९२० साली पुरा झाला, आणि ईसी नदीवरील हिमायतसागर १९२७ साली. हिमायतसागराच्या कामात हैदराबादचेच अभियंते नवाब अली नवाज जंग यांचा मोठा वाटा होता. योजना एका व्यक्तीच्या डोक्यात नव्हती, ती कागदावर हिशेबासह मांडलेली होती. म्हणून दुसऱ्यांना ती पुढे नेता आली. १९०८ सारखा प्रलय त्यानंतर या शहराने पाहिला नाही, आणि अनेक पिढ्यांना पिण्याचे पाणीही या जलाशयांनी दिले.

पानशेतचे धरण

आता दुसरे उदाहरण. पुण्याच्या नैऋत्येस आंबी नदीवर पानशेत येथे १९५७ साली मातीच्या धरणाचे काम सुरू झाले. मातीच्या धरणाला दोन प्रकारच्या पाण्याचे भय असते : माथ्यावरून ओसंडणाऱ्या आणि पोटातून वाट काढणाऱ्या. पहिल्यासाठी सांडवा ठेवतात. धरणाच्या तळातून पाणी सोडण्यासाठी जी मोरी असते, ती मात्र अत्यंत भक्कम असावी लागते. कारण ती हादरली अगर तडकली, की तिच्या भोवतीची माती सैल होते, पाण्याबरोबर वाहू लागते, आणि वरचा भराव खचतो.

पानशेतचे काम १९६२ साली पुरे व्हावयाचे होते. तथापि १९६१ च्या पावसाळ्यातच काही पाणी साठवावे, असे ठरविण्यात आले. शेतीला व शहराला पाणी एक वर्ष आधी मिळावे, हा हेतू वाईट म्हणता येणार नाही. परंतु पावसाळा आला तेव्हा मोरीच्या झडपांचे काम अपुरे होते, आणि मोरीचे काँक्रीट पोलादी सळयांनी बळकट केलेले नव्हते. पाऊस जोराचा झाला व जलाशय झपाट्याने भरू लागला. अपुऱ्या मोरीतून पाणी प्रचंड वेगाने वाहू लागले आणि तिच्या वरचा भराव खचत चालला. लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचून धरणाचा माथा सावरून धरला. तथापि १२ जुलै १९६१ रोजी सकाळी धरण फुटले. ते पाणी खाली खडकवासल्यास आले, व एकोणिसाव्या शतकात बांधलेले ते दगडी धरणही त्याच दिवशी फुटले. त्याच खडकवासल्याला १९०३ साली विश्वेश्वरय्यांनी आपले प्रसिद्ध स्वयंचलित दरवाजे बसविले होते! पुण्यातील नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. मृतांची संख्या सुमारे एक हजार असावी असा अंदाज सांगितला जातो. घरादारांची व दुकानांची हानी तर फारच मोठी झाली. जवानांनी ती रात्र निभावून नेली नसती, तर पूर झोपलेल्या शहरावर आला असता.

पुढे चौकशी आयोग नेमण्यात आला. पहिले अध्यक्ष न्यायमूर्ती बावडेकर यांचे काम पुरे होण्यापूर्वीच निधन झाल्यामुळे ते काम न्यायमूर्ती नाईक यांच्याकडे आले.

दोहोंतील भेद

या दोन कार्यांत मुख्य भेद कोणता? बुद्धीचा नव्हे. पानशेतच्या अभियंत्यांनाही मोरी कशी असावी लागते हे ठाऊक होते. भेद असा की, एका ठिकाणी कामाने तारीख ठरविली आणि दुसऱ्या ठिकाणी तारखेने काम ठरविले. तारीख ठरविणे गैर नाही. तारखेवाचून कोणतेही काम पुरे होत नाही. परंतु कोणत्याही मोठ्या कार्यात काही अंगे अशी असतात, की ती पुरी झाल्याशिवाय पुढचे पाऊल टाकावयाचेच नसते. रंगसफेदी मागाहून करता येते. पाणी साठविल्यानंतर मोरी बळकट करता येत नाही. कोणते काम मागे ठेवता येईल आणि कोणते येणार नाही, हे ओळखणे हे व्यवस्थापनाचे पहिले ज्ञान होय.

दुसरा भेद सत्य वर पोचण्याचा. कामावरच्या गवंड्याला तडा प्रथम दिसतो. तो मुकादमास सांगतो, मुकादम अभियंत्यास, अभियंता वरिष्ठास, आणि वरिष्ठ मंत्र्यास. प्रत्येक पायरीवर वाईट बातमी थोडी सौम्य करून सांगण्याचा मोह होतो. ‘तडा गेला आहे’ याचे ‘थोडी दुरुस्ती हवी’ होते, आणि शेवटी ‘काम समाधानकारक आहे’ एवढेच उरते. ज्या कार्यात वाईट बातमी आणणाऱ्याला दोष दिला जातो, तेथे वाईट बातमी येणे बंद होते. संकट मात्र बंद होत नाही.

हे सारे जुन्या काळचे आहे असे कोणी समजू नये. तेलंगण व महाराष्ट्र यांच्या सीमेवर गोदावरीवरील मेडीगड्डा बंधाऱ्याचे उद्घाटन २०१९ साली झाले, आणि २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये त्याचे काही खांब खचले. राष्ट्रीय धरण सुरक्षा प्राधिकरणाच्या तज्ज्ञांनी पाहणी करून नियोजन, आराखडा, बांधकामाचा दर्जा आणि देखभाल या चारही अंगांतील उणिवांकडे बोट दाखविले. हे प्राधिकरण ज्या धरण सुरक्षा कायद्याने निर्माण झाले, तो कायदा २०२१ सालचा आहे. म्हणजे पानशेतनंतर साठ वर्षांनी झालेला.

नीतीचे तीन प्रश्न

यावरून मोठे कार्य हाती घेणाऱ्याने स्वतःस तीन प्रश्न विचारावेत असे वाटते.

पहिला प्रश्न : माझ्या चुकीचा धोका कोणाला आहे, आणि तो त्याला ठाऊक आहे काय? पानशेतचा भराव आदल्या दिवसापासून खचत होता. परंतु नदीकाठच्या पुष्कळ पुणेकरांना पाणी दाराशी येईपर्यंत संकटाची नीट कल्पना नव्हती. घबराट होईल म्हणून सत्य दडविणे ही दया नव्हे.

दुसरा प्रश्न : या कार्यासाठी कोणाचे काय बुडते? मुळशी येथे टाटांच्या वीजयोजनेच्या धरणात मावळातील शेतकऱ्यांच्या जमिनी जाणार होत्या, म्हणून १९२१ साली तेथे सत्याग्रह झाला. पांडुरंग महादेव बापट त्याचे नेते होते व ‘सेनापती’ ही पदवी त्यांना त्याच लढ्यातून मिळाली. मुंबईस वीज मिळाली हे खरे. परंतु ज्यांच्या शेतात पाणी उभे राहिले, त्यांचे दुःख त्या उजेडाने कमी झाले नाही. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रात १९७६ साली झाला.

तिसरा प्रश्न : कार्य पुरे झाल्यानंतर त्याची राखण कोण करील? उस्मानसागर व हिमायतसागर यांच्याभोवतीच्या दहा किलोमीटर प्रदेशात १९९६ च्या १११ क्रमांकाच्या शासकीय आदेशाने कारखाने व मोठी बांधकामे यांवर निर्बंध घातले गेले. २०२२ साली तेलंगण शासनाने ते उठविण्याचा आदेश काढला, व त्यावर बराच वाद झाला. तेथील गावकरी म्हणत की, शहराच्या पाण्यासाठी आमच्या जमिनी का अडकून राहाव्यात? शहरासाठी आता दूरच्या नद्यांचे पाणीही येते, हेही खरेच होते. उलट पक्षी, पाणलोट क्षेत्रात इमारती उठल्या तर पाणी मुरण्याची जागा नाहीशी होईल, असे इतरांचे म्हणणे होते. यात दोन्ही बाजूंचे ऐकून घेतलेच पाहिजे. मात्र एक गोष्ट विसरून चालणार नाही : ज्या पुरासाठी ही धरणे बांधली, तो पूर कोणत्याही आदेशाची वाट पाहत नाही. २०२० च्या ऑक्टोबरमधील अतिवृष्टीत याच शहरातील कित्येक सखल वस्त्यांत पाणी शिरले, कारण पाण्याच्या जुन्या वाटा व तलावांच्या जागा माणसांनी अडविल्या होत्या.

विद्यार्थ्यांपैकी काही पुढे अभियंते होतील, काही अधिकारी, काही कंत्राटदार, आणि बरेच जण साधे नागरिक होतील. ज्याच्या हाती कामाची सूत्रे येतील, त्याने हाताखालच्या माणसास ‘काम कुठवर आले?’ असे विचारताना ‘कशाची धास्ती वाटते?’ हेही विचारावे, आणि उत्तर शांतपणे ऐकावे. ज्याच्या हाती काहीच नसेल, त्यानेही दिसलेला तडा सांगावा व सांगितल्याची नोंद ठेवावी. वार्षिक संमेलनाचा मांडव घालताना एखादा खांब हलताना दिसला, तर पडदा उघडण्याची वेळ झाली म्हणून गप्प न बसता गुरुजींना सांगणे, हा याच शिक्षणाचा पहिला पाठ होय.