शिक्षा किती आणि कशासाठी?

कॅडेट मित्रांनो, आज कायद्याचा एक छोटा धडा घेऊ.

एकोणीस वर्षांच्या एका मुलाने चार हजार रुपयांची सायकल चोरली. गुन्हा पहिलाच. सायकल मालकाला परत मिळाली. न्यायालयाने काय करावे? माझ्या वर्गात हा प्रश्न टाकला की बहुतेकांचे उत्तर एकच असते : तुरुंग.

१८६० च्या भारतीय दंड संहितेत साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा होती. पण कोवळ्या वयाचा मुलगा सराईत गुन्हेगारांच्या संगतीत ठेवला, तर तो सुधारेल की बिघडेल? पुढील कायद्यांनी या प्रश्नाची दखल घेतली.

१९५८ : अपराधी परिवीक्षा अधिनियम आला. चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर दोषी व्यक्तीला सोडण्याची तरतूद त्यात आहे. गुन्हा जन्मठेपेचा नसेल आणि दोषी एकवीस वर्षांखालील असेल, तर त्याला तुरुंगात पाठवण्याची कारणे न्यायाधीशांना लिहून ठेवावी लागतात.

१९७३ : नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेने सत्र खटल्यांत, दोष सिद्ध झाल्यावर, शिक्षेविषयी आरोपीचे म्हणणे वेगळे ऐकण्याची तरतूद केली.

२०२३ : भारतीय न्याय संहिता मंजूर झाली आणि १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिने शिक्षांच्या यादीत सामुदायिक सेवा, म्हणजे समाजोपयोगी विनामोबदला काम, ही नवी शिक्षा घातली. पाच हजारांहून कमी किमतीची चोरी, पहिलाच दोष आणि वस्तू किंवा तिची किंमत परत केलेली असेल, तर हीच शिक्षा आहे.

मग कायदा मवाळ झाला का? मुळीच नाही. त्याच कलम ३०३ खाली पुन्हा दोषी ठरल्यास किमान एक आणि कमाल पाच वर्षे सक्तमजुरी आहे.

एक उणीव मात्र आहे. सेवा कोणती आणि किती तास, हे संहितेत सांगितलेले नाही. सारख्याच गुन्ह्याला एका न्यायालयात दहा तास आणि दुसऱ्यात शंभर तास, असे होऊ शकते. म्हणून न्यायाधीशांचा विवेक महत्त्वाचा.

उद्या तुमच्यापैकी काही जण कमांडिंग ऑफिसर होतील. सेना अधिनियम, १९५० त्यांना जवानाला शिक्षा देण्याचा अधिकार देतो. तेव्हा सही करण्यापूर्वी स्वतःला विचारा : या शिक्षेचे कारण मला दोन ओळींत लिहून देता येईल का?