चाकाचा कल आणि दहावीचे गणित



गाडी खाली बसवून रुंद चाके लावण्याची हौस आपल्या पांढुर्णा-सौंसर भागातल्या तरुणांनाही असते. मागचे चाक मडगार्डला घासू लागले की त्याचा वरचा भाग आत झुकवतात. या कलाला कॅम्बर म्हणतात. वरचा भाग आत असल्यास तो ऋण समजतात.

आता त्रिकोणमिती वापरू. टायरची उंची ६०० मि.मी., रुंदी १८५ मि.मी. आणि कल ३ अंश धरा. टॅन ३° म्हणजे ०.०५२. आसापासून ३०० मि.मी. वरची बाजू ३०० × ०.०५२, म्हणजे सुमारे १६ मि.मी. आत जाते. जागा मिळाली! पण टायरची बाहेरची कड १८५ × ०.०५२, म्हणजे सुमारे १० मि.मी. उचलू पाहते. भार आतल्या कडेवर पडतो, ती लवकर झिजते आणि बाहेरून दिसतही नाही. पावसात, घाटात ब्रेक लावताना असे टायर दगा देते.

अनेक लहान गाड्यांना मागे टॉर्शन बीम असतो. तेथे नुसता बोल्ट फिरवून कल बदलत नाही. शिम घालावी लागते. त्यानंतर चाकांची सरळ रेषा, म्हणजे टो, पुन्हा तपासावीच लागते.

मोटार वाहन अधिनियम १९८८ चे कलम ५२ निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलास मनाई करते, हेही आम्ही पालकांच्या लक्षात आणून देतो.

गृहपाठ: उभ्या, बंद गाडीच्या मागच्या टायरांची आतली कड वडिलांसोबत पाहा आणि वहीत नोंदवा.