शिब्बोलेथ आणि परक्याचे नाव

अभ्यासासाठी शास्त्रभाग : शास्ते १२:५-६, निर्गम २३:९, मत्तय २५:३५, इब्री १३:२

यार्देनेचे उतार अडवून बसलेले गिलादी लोक नदी ओलांडू पाहणाऱ्या प्रत्येकाला ‘शिब्बोलेथ’ हा एक शब्द उच्चारावयास सांगत. ज्याच्या जिभेला ‘श’ वळत नसे तो एफ्राइमी ठरे आणि तेथेच त्याचा वध होई. माणसाला माणसाशी जोडण्यासाठी असलेली भाषा तेथे जीव घेण्याचे साधन झाली.

हा प्रसंग फार जुना आहे, असे समजून आपण पुढचा अध्याय उघडतो. पण मे २००८ मध्ये दक्षिण आफ्रिकेत तो पुन्हा घडला. ११ मे रोजी जोहान्सबर्गमधील अलेक्झांड्रा वस्तीत परदेशी लोकांवर हल्ले सुरू झाले आणि काही दिवसांत ते इतर शहरांत पसरले. जमाव माणसांना अडवून ‘कोपर’ याला झुलू भाषेत काय म्हणतात, असे विचारी. उत्तर देता आले नाही की तो परका ठरे. या हिंसाचारात ६२ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी २१ जण दक्षिण आफ्रिकेचेच नागरिक होते! हजारो कुटुंबे बेघर झाली.

१. विस्मरणातून उपजलेला द्वेष

बेकारी, घरांची टंचाई व दारिद्र्य ही कारणे खरी होती. ती नाकारून चालणार नाही. परंतु त्यांच्या जोडीला विस्मरणही होते. जोहान्सबर्गच्या सोन्याच्या खाणींत शंभराहून अधिक वर्षे मोझांबिकच्या मजुरांनी घाम गाळला होता. वर्णभेदी राजवटीच्या काळात दक्षिण आफ्रिकेतून परागंदा झालेल्या स्वातंत्र्यसैनिकांना झांबिया, मोझांबिक आदी शेजारी देशांनी आसरा दिला होता. निर्गम २३:९ मधील आज्ञा नेमकी येथे लागू पडते. उपऱ्याचे मन इस्राएलाला ठाऊक आहे, कारण मिसर देशात तोही उपरा होता, असे देव तेथे सांगतो. ‘मन’ या ठिकाणी मूळ इब्री शब्द ‘नेफेश’ आहे. जीव, श्वास, अंतर्याम हे सारे अर्थ त्यात आहेत. स्वतःचे उपरेपण विसरलेल्याला दुसऱ्याचा जीव ओळखता येत नाही.

२. चित्रपटकारांची साक्ष

१८ मे रोजी रामाफोसा नावाच्या झोपडवस्तीत मोझांबिकच्या एका मजुराला जिवंत जाळण्यात आले. त्याचे छायाचित्र जगभर छापले गेले, पण त्यात ज्वाळाच दिसत होत्या. तो कोण होता, हे चित्रावरून कळत नव्हते. त्याचे नाव होते अर्नेस्तो अल्फाबेतो न्हामुआवे. पोर्तुगीज भाषेत ‘अल्फाबेतो’ म्हणजे वर्णमाला!

या घटनांनी व्यथित झालेले दक्षिण आफ्रिकेतील चित्रपटकार ‘फिल्ममेकर्स अगेन्स्ट रेसिझम’ या नावाने एकत्र आले आणि त्याच वर्षी त्यांनी लघु माहितीपटांची एक मालिका तयार केली. नायजेरियात जन्मलेल्या, म्हणजे स्वतःच परदेशी असलेल्या अ‍ॅड्झी उगाह यांनी ‘द बर्निंग मॅन’ या माहितीपटात त्या ज्वाळांमागील माणसाचा शोध घेतला. डॅनी टर्केन यांनी हिंसाचाराची सुरुवात जेथे झाली त्या अलेक्झांड्राकडे कॅमेरा वळविला. खोलिस्वा सिथोले यांच्या माहितीपटाचे नाव ‘मार्टीन अँड थान्देका’ असे आहे. शीर्षकातच दोन नावे ‘आणि’ने जोडलेली आहेत.

जमावाच्या तोंडी परक्याला नाव नसते, केवळ एक जात किंवा एक शिवी असते. माहितीपट त्याला नाव परत देतो आणि त्याचे म्हणणे त्याच्याच तोंडून ऐकवितो. गिलाद्यांनी एकच शब्द ऐकून निवाडा केला. या चित्रपटकारांनी संपूर्ण कहाणी ऐकण्याचा आग्रह धरला.

३. ‘झेनोस’ : परका की यजमान?

परकीयांच्या द्वेषाला ज्या ‘झेनोफोबिया’ या शब्दाने ओळखतात, त्यातील ‘झेनोस’ हा ग्रीक शब्द नव्या करारात वारंवार येतो. मत्तय २५:३५ मध्ये तो ‘परका’ या अर्थाने आहे आणि तो परका स्वतः ख्रिस्त आहे. रोमकरांस १६:२३ मध्ये मात्र तोच शब्द गायस या यजमानासाठी योजिला आहे. भाषांतर करताना मराठीत येथे दोन निराळे शब्द घ्यावे लागतात, ग्रीकमध्ये ते एकच आहेत. इब्री १३:२ मधील आतिथ्य म्हणजे ‘फिलोझेनिया’, अर्थात परक्यावरील प्रीती. भय आणि प्रीती हे दोन मार्ग एकाच शब्दापासून फुटतात.

जोहान्सबर्गच्या सेंट्रल मेथडिस्ट चर्चने दुसरा मार्ग धरला. २००८ च्या आधीपासून २०१४ पर्यंत, झिंबाब्वेहून आलेले हजारो निर्वासित तिच्या जिन्यांवर व फरशीवर झोपत असत. शेजाऱ्यांची नाराजी व पोलिसांचा छापा सोसूनही दार उघडे राहिले.

४. एक अवघड प्रश्न

२०१५ आणि २०१९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत असे हल्ले पुन्हा झाले. मग या माहितीपटांचा उपयोग काय? साक्षीदार दंगल थोपवू शकतोच असे नाही. परंतु ‘आम्हांला ठाऊक नव्हते’ ही सबब तो उरू देत नाही. पुढचे काम पाहणाऱ्याचे आहे. आपल्यापैकी पुष्कळ जण मुलखापासून दूर, अन्य भाषिकांच्या नगरांत राहतात. उच्चारावरून ओळखले जाणे म्हणजे काय, हे त्यांना वेगळे सांगावयास नको.

मननासाठी प्रश्न

१. आपल्या मंडळीत नवागताची पारख कोणत्या ‘शिब्बोलेथ’ने होते?

२. आपल्या वस्तीत पोटासाठी आलेल्या एका तरी परप्रांतीयाचे पूर्ण नाव व गाव आपल्याला ठाऊक आहे काय?

३. आपण किंवा आपले वाडवडील कोठे उपरे होते? त्या वेळी दार कोणी उघडले?